पाककृतीत न लिहिलेलं पाणी

"याचं पाणी झालंय गं," दादा म्हणाला आणि त्याने ग्लास हळूच टेबलावर ठेवला.

ती मी घरी केलेली पहिली मार्टिनी होती. दादा टाकून बोलणाऱ्यांतला नाही. तो व्हिस्की नुसती घेतो, सावकाश, एक ग्लास संध्याकाळभर पुरवून. त्यामुळे त्याच्या तोंडून आलेलं ते वाक्य मला जास्तच लागलं. मापात मी काहीही चुकले नव्हते. जिन ६० मिली, ड्राय व्हर्मूथ २० मिली, भरपूर बर्फात ढवळून, गाळून, वर लिंबाची साल. सगळं लिहिल्याबरहुकूम. तरीही चव पाणचट होती, हे मला पहिल्या घोटातच कळलं होतं. दादाने फक्त ते बोलून दाखवलं.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी पाण्याला घाबरून होते. बर्फ कमी केला. मोजून तीन तुकडे, चमच्याचे आठदहा फेरे, की लगेच गाळणी. पेय कोमट राहायचं. पहिला घोट घशाला चटका देत जायचा, आणि जिनमधला जुनिपरचा, धण्याचा, लिंबाच्या सालीचा वास अल्कोहोलच्या झिणझिणीमागे दडून बसायचा. मला वाटायचं, जिनच बरी नसणार. मग दुसरी बाटली, मग तिसरी. फळीवर बाटल्या वाढत गेल्या आणि ग्लासातलं पेय होतं तिथेच राहिलं.

आता मागे वळून पाहताना जाणवतं, की ती भीती मला भाषेनेच दिली होती. आपण दुधात पाणी घातलं म्हणतो, विनोद पाणचट म्हणतो, मेहनतीवर पाणी पडतं, संशय आला की कुठेतरी पाणी मुरत असतं. पाणी म्हणजे बिघाड, पाणी म्हणजे फसवणूक, हे लहानपणापासून कानावर पडत आलेलं. पण मोत्यालाही पाणी असतं आणि तलवारीलाही, डोळे पाणीदार असतात, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

मला त्यातून बाहेर काढलं ते एका जुन्या व्याख्येने. १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावातून निघणाऱ्या एका वृत्तपत्राने, वाचकाने विचारलं म्हणून, कॉकटेल म्हणजे काय ते छापलं. कोणतंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क) यांचं उत्तेजक मिश्रण, असा त्याचा अर्थ. हे वाक्य मी कितीदा तरी वाचलं असेल, पण वाचताना माझी नजर मद्य आणि बिटर्स यांच्यावरच ठरायची. एके दिवशी ती तिसऱ्या शब्दावर अडली. पाणी! तिथे ते लपूनछपून आलेलं नव्हतं. साखरेच्या मांडीला मांडी लावून, घटक म्हणून बसलेलं होतं.

मग ते पाककृतीतून गेलं कुठे? त्याच १८०६ सालच्या फेब्रुवारीत फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या तरुणाने तळ्यातला बर्फ कापून जहाजाने कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर धाडला होता. लोक त्याला हसले, पहिल्या खेपेत त्याचं नुकसानही झालं, पण पुढच्या काही दशकांत बर्फ ही विकत मिळणारी नेहमीची वस्तू झाली. १८६२ मध्ये जेरी थॉमस या बारटेंडरने अमेरिकेतलं पहिलं कॉकटेलचं पुस्तक काढलं, तोवर बर्फ हा धंद्याचा कणा बनलेला होता. बर्फ आला आणि वेगळं पाणी घालायची गरज संपली, कारण बर्फ ते आपल्यासोबत घेऊनच येतो. घटकांच्या यादीतून पाण्याचं नाव गळलं, पण ग्लासातून पाणी कधीच गेलं नाही. ते फक्त मोजणं बंद झालं. मी ज्या पाककृती वाचत होते त्या सगळ्यांत एक घटक लिहिलेलाच नव्हता, आणि मी तोच कमी करत सुटले होते.

म्हणून मी तो मोजायचं ठरवलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि साधा थर्मामीटर. ८० मिलीचं मार्टिनीचं मिश्रण आधी तोललं, ७६ ग्रॅम भरलं. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ काचेच्या उंच भांड्यात गच्च भरला, मिश्रण ओतलं, अर्धा मिनिट ढवळलं, गाळलं आणि पुन्हा तोललं. ९७ ग्रॅम. म्हणजे २१ ग्रॅम पाणी, मिश्रणाच्या पावपटीहून थोडं जास्तच. चव घेतली आणि मी उभीच राहिले. झिणझिणी गेली होती. जुनिपर आधी, मागून लिंबाची साल, शेवटी व्हर्मूथचा कडवट गवताळपणा, असं सगळं एकामागून एक रांगेत येत होतं. ही मी आधी ढवळत होते तीच जिन होती.

दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम पहिल्या दिवशीची चूक केली. पाहुणा येणार म्हणून त्या दिवशी बर्फ तासभर आधी काढून भांड्यात मांडून ठेवला होता, तसाच ठेवला. वरून चकचकीत, ओला, खाली पाणी साचलेलं. तेच मिश्रण, तेवढंच ढवळणं. ११० ग्रॅमच्या वर गेलं. त्या बर्फाच्या अंगालाच इतकं पाणी चिकटलेलं होतं, की थंड करायला सुरुवात करण्याआधीच पेय पातळ व्हायला लागलं होतं. दादाची तक्रार बर्फाच्या अंगावरच्या त्या पाण्याबद्दल होती. तो ओला बर्फ होता. बर्फ फार पडला म्हणून काही बिघडलं नव्हतं.

इथे थोडं भौतिकशास्त्र सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण याच्याइतकं हातात घेऊन चाखता येणारं भौतिकशास्त्र मला दुसरं माहीत नाही. उणे १८ अंशांवरचा एक ग्रॅम बर्फ शून्यापर्यंत येताना जेमतेम ९ कॅलरी उष्णता शोषतो. तोच ग्रॅम शून्य अंशावर वितळून पाणी होताना ८० कॅलरी शोषतो. म्हणजे थंडावा प्रामुख्याने बर्फाच्या वितळण्यातून येतो, नुसत्या गारपणातून नाही. बर्फ वितळणार नाही आणि पेय मात्र गार होईल, ही माझी वर्षभराची अपेक्षाच चुकीची होती. गारवा आणि पाणी ही एकाच व्यवहाराची देवाणघेवाण आहे. आणखी एक गोष्ट मला थर्मामीटरने दाखवली आणि मला ती आधी खरीच वाटली नाही. ढवळलेली मार्टिनी शून्याच्याही खाली, उणे तीनपर्यंत गेली होती. आइस्क्रीम घुसळताना बर्फात मीठ टाकतात तसंच हे. अल्कोहोलमुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि भोवतालची उष्णता ओढून घेत राहतो.

तीन तुकड्यांनी काय होत होतं हेही आता उलगडलं. थोडा बर्फ बिचारा सगळं ओझं एकट्याने वाहतो. लवकर गाळलं तर पेय कोमट आणि तिखट. ढवळत राहिलं तर तुकडे विरघळून जातात, पाणी तर येतं पण हवा तितका गारवा येत नाही. भरपूर, कोरडा, फ्रीजरमधून थेट काढलेला बर्फ घेतला तर पेय झपाट्याने गार होतं आणि मग वितळणं मंदावतं. बर्फ जास्त म्हणजे पाणी जास्त, हे वरवर पटण्यासारखं असलं तरी खरं नाही.

पाणी नेमकं करतं काय, तर तीव्रता उतरवतं आणि वासाला वाट देतं. माझी मार्टिनी ढवळण्याआधी सुमारे ३७ टक्के अल्कोहोलची असते, ढवळल्यावर २९च्या आसपास. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनिअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी व्हिस्कीला धुराचा वास देणाऱ्या ग्वायाकॉल या रेणूचा संगणकावर अभ्यास केला. अल्कोहोलचं प्रमाण फार चढं असेल तर तो रेणू द्रवाच्या आत दडून राहतो, पाणी घालून ते प्रमाण उतरवलं की पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे नाकाच्या जवळ येतो, असं त्यांना आढळलं. दादाला हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. पण पुढच्या वेळी त्याने व्हिस्कीत चमच्याने दोन थेंब पाणी टाकलेलं मी पाहिलं.

पाण्याकडे घटक म्हणून पाहायला लागले आणि ढवळायचं की घुसळायचं हा प्रश्नही सुटला. नुसती मद्यं असलेली पेयं, म्हणजे मार्टिनी, मॅनहॅटन, निग्रोनी, ढवळायची. त्यांना काचेसारखी नितळ, जिभेवर जड अशी घडण हवी असते. लिंबाचा रस, साय किंवा अंड्याचा पांढरा भाग आला की शेकर. घुसळण्याने हवेचे बारीक बुडबुडे मिसळतात, पेय गढूळ आणि हलकं होतं, आणि बर्फ आपटून फुटत असल्यामुळे दहाबारा सेकंदांत ते ढवळण्यापेक्षाही गार होतं. पाणीही जास्त येतं, आणि रसाच्या पेयांना ते लागतंच. डायकिरी हा याचा सगळ्यात उघडा धडा आहे. क्यूबातल्या सान्तियागोजवळच्या लोखंडाच्या खाणींपाशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकन खाण अभियंत्याने ती केली असं सांगतात, आणि तिच्यात आहे तरी काय? रम, लिंबू, साखर. लपायला जागाच नाही. मी ६० मिली रम, २५ मिली ताजा रस आणि २० मिली साखरेचं पाणी घेते, साखर आणि पाणी वजनाने सारखं. दाणेदार साखर थेट रममध्ये टाकली तर तळाशी बसून राहते, म्हणून इथेही पाणीच मदतीला येतं. शेकर हातात धरवेनासा गार झाला, त्याच्या अंगावर पांढरं दव चढलं, की थांबायचं. त्या क्षणी बर्फाचा आवाजही बदलतो. आधी खणखणीत असतो, मग बोथट होतो. तो आवाज मी आता डोळे मिटून ओळखते.

डेव्हिड एम्बरी नावाचे एक अमेरिकन वकील होते. त्यांनी आयुष्यात बारमागे उभं राहून नोकरी केली नाही, घरीच मित्रांसाठी कॉकटेल केली, आणि १९४८ मध्ये या विषयावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. आंबट पेयांसाठी त्यांचं प्रमाण होतं आठ भाग मद्य, दोन भाग आंबट, एक भाग गोड. मला ते फार रुक्ष आणि कडक वाटतं. पण घरी करणाऱ्या माणसाने स्वतःच्या जिभेवर इतका विश्वास ठेवावा, याचं मला फार अप्रूप आहे.

बिटर्सबद्दल थोडक्यात. १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अंगोस्तुरा गावात योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरने औषध म्हणून केलेला अर्क आज जगभरच्या फळ्यांवर आहे, आणि त्याचे दोन झटके नसतील तर ओल्ड फॅशन्ड म्हणजे गोड केलेली व्हिस्की उरते. थेंबांची ताकद मला सर्वांत जास्त पटली ती मात्र हँकी पँकी नावाचं कॉकटेल करताना. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात १९०३ पासून वीसेक वर्षं मुख्य बारटेंडर असलेल्या एडा कोलमन यांची ही देणगी. जिन आणि गोड व्हर्मूथ सारखं, आणि फर्नेत-ब्रांका या कडू इटालियन मद्याचे दोन झटके. एवढ्याने सगळ्या पेयाचा रोख बदलतो. त्या काळी, त्या जागी एक स्त्री मुख्य होती, हे आठवून मी ते पेय नेहमी जरा जास्तच काळजीने ढवळते.

व्हर्मूथचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या पहिल्या मार्टिनीत दुसरा दोष त्याचा होता. व्हर्मूथ ही शेवटी वाइन आहे. वनस्पतींनी गंधित केलेली, थोडं मद्य घालून बळकट केलेली, पण वाइनच, साधारण १६ ते १८ टक्क्यांची. तिचं नाव जर्मन वेर्मूट या शब्दावरून आलं, ती दवण्याच्या कुळातली एक कडू वनस्पती. बाटली उघडली की हवेने ती उतरायला लागते. मी ती जिनच्या शेजारी, फळीवर, कित्येक महिने उघडी ठेवली होती. जिनला काही होत नाही, ४० टक्क्यांच्या वर ती निवांत राहते. व्हर्मूथ मात्र चपटी, शिळ्या सफरचंदाच्या वासाची झाली होती. मग सगळे जण मार्टिनीत व्हर्मूथ जितकं कमी तितकं बरं असं का म्हणतात, ते मला कळलं. ज्याने शिळंच चाखलं तो दुसरं काय म्हणणार? आता मी लहान बाटली आणते, उघडल्याची तारीख पट्टीवर लिहून चिकटवते, फ्रीजमध्ये ठेवते आणि महिना-दीड महिन्यात संपवते. ताजं व्हर्मूथ असेल तर मला तीनास एक हे प्रमाणही कमी वाटतं. कधी कधी मी दोनास एक करते आणि ती मार्टिनी मला सर्वांत प्रिय आहे.

बर्फाचा नाद लागला तो लागलाच. साच्यातला बर्फ पांढरट का असतो, तर तो चहूबाजूंनी गोठतो आणि पाण्यात विरघळलेली हवा मध्ये कोंडली जाते. त्याऐवजी थंडी टिकवणारी जाड भिंतींची छोटी पेटी घ्यायची, झाकण काढून पाण्याने भरायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायची. आता थंडी फक्त वरून येते, पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवा खाली खाली ढकलली जाते. पूर्ण गोठण्याआधी, साधारण दिवसभरात, पेटी बाहेर काढायची. वरचा भाग भिंगासारखा असतो. लगेच कापायला जायचं नाही, तडकतो. पृष्ठभागावर ओलसर चमक येईपर्यंत थांबायचं, मग करवतीच्या दातांच्या सुरीने खाच पाडून वर हलका ठोका द्यायचा. बर्फ सरळ रेषेत दुभंगतो, आणि त्या आवाजाने मला दर वेळी आनंद होतो. नितळ बर्फ पांढऱ्यापेक्षा गार असतो असं मुळीच नाही. फरक पडतो तो आकाराने. मोठ्या ठोकळ्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी असतो, म्हणून तो ओल्ड फॅशन्डमध्ये सावकाश विरघळतो. नितळपणा निव्वळ डोळ्यांसाठी, आणि डोळ्यांसाठी म्हणून काही करू नये असं मला वाटत नाही.

सगळ्यात शेवटी मी ते केलं ज्याची मला पूर्वी सर्वांत जास्त भीती वाटली असती. नळाचं गाळलेलं पाणी मापाने मोजून, स्वतःच्या हाताने मार्टिनीत ओतलं. मिश्रण बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवलं तर बर्फाची गरजच राहत नाही, पण बर्फ नाही म्हणजे त्याचं पाणीही नाही, ते आपणच घालायचं. पहिल्यांदा मी ढवळताना येतं तेवढं सगळं पाणी बाटलीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत बर्फाचा चिखल निघाला. २९ टक्क्यांचं मिश्रण उणे १८ अंशांवर द्रव राहत नाही. आता मी निम्मं पाणी बाटलीत घालते. उरलेलं फ्रीजमध्ये गार करून छोट्या चंबूत ठेवते आणि वाढताना चमच्याने घालते.

परवा दादा आला. मी फ्रीजरमधून बाटली काढली. जिन थंडीने दाटसर झाली होती, ग्लासात ओतताना मधासारखी वळत पडली. लिंबाची साल वर दुमडून दाबली, तेलाचा बारीक फवारा पृष्ठभागावर पसरताना दिसला. चंबू आणि चमचा त्याच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"पाणी. तूच घाल, तुझ्या अंदाजाने."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग एक चमचा घातला. घोट घेतला. बराच वेळ काही बोलला नाही. चंबू स्वतःकडे ओढला, आणखी एक चमचा घातला, पुन्हा चाखलं. मग ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"हे चाख," तो म्हणाला, "आणि सांग, अजून अर्धा चमचा जाईल का?"

मी चाखलं. जाईल, म्हटलं.